सभा वर आहे

विषय : अंगावर ‘सभा’ हा एक शब्द आणि एक बाण वागवणाऱ्या पाटीने आपली हकीकत सादर करण्याबाबत.

उपरोक्त विषयास अनुसरून निवेदन करते की, ती पाटी मीच. मी जिन्याच्या तोंडाशी, विजेच्या मीटरशेजारी खिळ्याला टांगलेली असते.

जन्माने मी प्लायवूडची. पूर्वी एका कचेरीत दारावर होते. तेव्हा माझ्यावर ‘साहेब सभेत आहेत’ असं लिहिलेलं होतं. साहेब आत मान टाकून घोरत असत आणि मी बाहेर त्यांची अब्रू सांभाळत असे. पुढे नवे साहेब आले, ते जागे निघाले, आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथून मला हेडक्लार्कने उचलून आणलं. ते दारू सोडू पाहणाऱ्या मंडळींच्या गटात जात, आणि गटाला पाटी हवी होती.

माझ्यावर काय लिहावं, यावरून गटात कडाक्याचं भांडण झालं. ‘दारू’ नको, लोक लाजतील. ‘व्यसन’ नको, शेजारी वाचतील. ‘मुक्ती’ नको, वर कोणी वारलंय असं वाटेल. शेवटी ज्याने कोणाचीच लाज जात नाही असा एकच शब्द उरला : सभा. कोणाला काही कळू नये ही खबरदारी इतकी चोख घेतली गेली, की खरोखरच कोणाला काही कळेना.

वर समोरासमोर दोन खोल्या. डावीकडे हा गट, उजवीकडे इमारतीच्या रहिवाशांची बैठक. वार तोच, वेळ तीच. एक आजोबा कितीतरी आठवडे चुकून डावीकडे बसले. लोकांची रडकथा ऐकायची, चहा प्यायचा आणि म्हणायचं, “मागच्या सभेचं इतिवृत्त कुठाय?”

अशात एका संध्याकाळी किल्लीवाला माझ्यासमोर उभा राहिला. कोपऱ्यावर त्याचं कुलपं दुरुस्तीचं दुकान. त्याच्या पिण्याला विटून बायकोने त्याला घराबाहेर काढलं होतं आणि दाराला कुलूप ठोकलं होतं. कुलूप उघडणं हा त्याच्या डाव्या हातचा मळ. त्याने ते उघडलंही. बायकोने त्याला पुन्हा बाहेर काढलं आणि बजावलं, “तुमचे हात चालतात, ठाऊक आहे मला. आधी त्या दारूवाल्यांच्या सभेला जा. आता मी कुलूप उघडेन तेव्हाच आत यायचं!” तेव्हापासून तो दुकानातच झोपत होता.

बाण पाहून तो वर गेला आणि उजवीकडे शिरला. वरचं मला जिना उतरणाऱ्यांकडून कळतं. सभेत तोंड न उघडणारी माणसं जिन्यात ते मिटत नाहीत.

त्याने हात जोडले. “मी दारुडा आहे. बायकोने बाहेर काढलंय. मला यातून सोडवा.”

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “ते सगळं खरं हो, पण गच्चीवरच्या टाकीबद्दल तुमचं मत काय?”

“घासायला हवी.”

इतकं सरळ बोलणारा माणूस त्या बैठकीने पाहिलाच नव्हता. त्याला तिथल्या तिथे टाकी उपसमितीचा प्रमुख केलं. तो कुठल्या घरात राहतो, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तूर्त कुठल्याच नाही, असं खरं उत्तर मिळालं असतं.

गडी इमानदारीने येत राहिला. टाकी उपसली, घासली, झाकण बसवलं. शेजारच्या न्हाव्याला सांगे, “उपचार जरा निराळा आहे, पण गुण येतोय.” आणि येतही होता. रोज संध्याकाळी टाकीत उतरलेला माणूस पिणार कधी?

मग टाकी झाली. आभाराचा ठराव झाला, उपसमिती बरखास्त झाली. त्या संध्याकाळी हातांचं काय करावं ते त्याला कळेना, आणि ते बाटलीकडे गेले.

दुसऱ्या आठवड्यात बायको त्याचं मनगट धरून माझ्यासमोर आली.

“एवढ्या सभा करून पुन्हा प्यालात कसे?”

“अगं, एकही चुकवली नाही. टाकी आरशासारखी केली.”

“दारू सोडायला गेला होतात की टाकी धुवायला?”

“मला वाटलं, पद्धत असेल त्यांची.”

बाईने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. फार वेळ लागला नाही. “यावरून माणसाने ओळखायचं काय, कपाळ?” म्हणत तिने त्याच्या खिशातला, चाव्यांवर खुणा करायचा खडू काढला आणि माझ्या पोटावर लिहिलं : दारू सोडायची असेल तर डावीकडे. टाकीसाठी उजवीकडे.

हेडक्लार्क खाली आले ते किंचाळलेच. “वहिनी! गुप्तता!”

“इतकी गुप्तता की माणूस टाकीत पडला, भाऊजी. पुसाल तर याद राखा.”

कोणी पुसलं नाही. त्या दिवशी डावीकडेही किल्लीवाल्याच्या तोंडून आधी टाकीच निघाली. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. मग कोणीतरी विचारलं, “आणि टाकी संपल्यावर?” तेव्हा तो रडला, म्हणतात.

आता डावीकडे खुर्च्या कमी पडतात. माणसं माझ्यापाशी येऊन वाकतात, बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करतात, मला हळूच वाचतात आणि वर जातात. काहींच्या पायात तर चपला असतात. वाचकहो, तुमच्यावर वेळ आली तर वाकू नका, सरळ वर या. डावीकडचं दार नुसतं लोटलेलं असतं.

किल्लीवाला आता नेमाने येतो. घरी परत घेण्याबाबत त्याने बायकोकडे तोंडी अर्ज केला आहे. हेडक्लार्कने शिफारस केली आहे. “बघते,” असं तिने कळवलं आहे. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.