वीतभर अंतरावरचा खटका

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. कोणी पाहू नये म्हणूनच मला लपवून बसवले होते. मी एका जुन्या मोटारीतला बॅटरीचा खटका आहे. तळहातावर मावेन एवढा, पोटात पितळ आणि वर लाल मूठ. मूठ पाव वळसा फिरवली की बॅटरीची वीज गाडीत जाते. उलटी फिरवली की दिवा नाही, भोंगा नाही, गाडी म्हणजे नुसता पत्रा.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प एकमधला. तिथल्या एका छोट्या कारखान्यात मला घडवले आणि पुढच्या दुकानात काचेखाली ठेवले. माझे भाऊ ट्रकवाल्यांनी नेले. १९८६ साली विष्णुपंत नावाचे गृहस्थ मला न्यायला आले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "ले जाओ साईं, पण हा ट्रकचा माल आहे. तुमची गाडी कोणती?"

"सत्तावन्न सालची फियाट," विष्णुपंत म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. घर बदलापूरला, शिरगावात. जुनी फियाट त्यांनी स्वतः खपून उभी केली होती. पत्रा ठोकून घेतला, रंग दिला, एकेक दिवा शोधून आणला. पण त्या महिन्यात कारखान्याच्या फाटकासमोरून त्यांच्या एका सहकाऱ्याची गाडी चोरीला गेली आणि त्यांची झोप उडाली.

मला बसवले ते बदलापूर गावातल्या हरिचंद्र मिस्त्रीने. त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली. मग इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडले. पत्र्याची धार वायरीला कापू नये म्हणून भोकात रबराचे कडे घातले. चोर आधी चालवणाऱ्याच्या बाजूला हात घालतो, म्हणून मला डाव्या बाजूला, शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या पायाशी, अस्तराच्या मागे लपवले. हात जाईल एवढा एक कोपरा मोकळा ठेवून अस्तर पुन्हा चिकटवल्यावर त्याचे त्यालाच मी दिसेना.

"साहेब, एक सांगू का?" हात पुसत तो म्हणाला. "बाहेर कोणाला बोलू नका. पण घरात एकाला दाखवून ठेवा."

"दाखवतो," विष्णुपंत म्हणाले.

त्यांनी दाखवले नाही. शेजारच्या सीटवर बसत त्यांच्या पत्नी, सुनंदाबाई. त्यांनी एकदा विचारले, "अहो, तो खटका बसवलाय तो नेमका कुठे?"

"तुला कशाला? तू कुठे गाडी चालवतेस?"

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही. कुठे जायचे असले की विष्णुपंत म्हणत, "मी गाडी गरम करतो, तुम्ही या मागून." तेवढ्यात वाकून मला फिरवत. सात वर्षे सुनंदाबाईंची पावले माझ्यापासून वीतभर अंतरावर होती.

मला मात्र तेव्हा स्वतःचा अभिमान वाटे. एकदा उल्हासनगरात लग्नाला गेलो होतो. सगळे जेवायला बसलेले असताना दोघांनी दार उघडले. त्यांनी वायरी ओढल्या, जोडल्या, शिव्या दिल्या. शेवटी गाडी वीस पावले ढकलत नेली आणि सोडून पळाले. त्या दिवसापासून विष्णुपंत भेटेल त्याला सांगत, "माझी गाडी माझ्याशिवाय हलत नाही." सुनंदाबाई तेव्हा खिडकीबाहेर पाहत बसत.

मग १९९३ मधला तो रविवार आला. दुपारची वेळ. मोठ्याने हाका ऐकू आल्या आणि पाठोपाठ सुनंदाबाई व त्यांची मुलगी उमा विष्णुपंतांना धरून बाहेर आल्या. त्यांचे तोंड एका बाजूला झुकले होते, उजवा पाय फरपटत होता. उमा कॉलेजात शिकत होती. गाडी चालवायला ती अंबरनाथला नुकतीच शिकली होती. दोघींनी त्यांना मागच्या सीटवर निजवले. उमाने चावी फिरवली.

काहीच झाले नाही.

"बाबा, खटका कुठे आहे?" ती मागे वळून म्हणाली. "नुसतं बोट दाखवा."

विष्णुपंतांच्या तोंडून शब्द फुटेना. हात थोडा उचलला आणि पडला. उमाने सीटखाली पाहिले, टपाच्या कापडावरून हात फिरवला, डिकी उपसली. सुनंदाबाई डाव्या बाजूला वाकून पायाखालची चटई उचकटत होत्या. त्यांची बोटे माझ्यावरच्या अस्तरावरून गेली.

"आई, हरिचंद्रकाकांना आणू?"

"गावात जाऊन यायला अर्धा तास जाईल गं."

मित्रांनो, त्या वेळी मी माझे काम अगदी चोख करत होतो. तेच मला सोसत नव्हते.

शेवटी समोरून भाजीचा रिकामा टेंपो आला. चालवणारा हिरामण ओळखीचा. त्याने एकदा आत पाहिले. "बाय, ती गाडी सोड. माझ्या टेंपोत घाला त्यांना." पोत्यांवर निजवून त्यांना दवाखान्यात नेले.

विष्णुपंत वाचले. उजवा हात मात्र गेला तो गेलाच आणि शब्द अडखळत येऊ लागले. लवकर आणले असते तर काय झाले असते, हे डॉक्टरांना कोणी विचारले नाही.

गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली. माझ्या पितळेवर हिरवट थर चढला. हरिचंद्र एकदा भेटायला आला, तेव्हा उमाला म्हणाला, "चल, मी दाखवतो."

"नको," सुनंदाबाई म्हणाल्या. "त्यांचं ते दाखवतील."

एका सकाळी त्या विष्णुपंतांना गाडीपाशी घेऊन आल्या आणि डाव्या सीटवर बसवले. मग डाव्या हाताने त्यांनी पत्नीचे मनगट धरले, खाली ओढले आणि तिच्याच बोटांनी अस्तर बाजूला करून तिचा तळवा माझ्यावर ठेवला.

सुनंदाबाई उकिडव्या बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"एवढंच होतं?" त्या म्हणाल्या.

विष्णुपंतांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. "चु... कलं," ते म्हणाले. सुनंदाबाईंनी हात काढून घेतला नाही. मग मला फिरवले.

पुढच्या वर्षी त्या गाडी शिकल्या, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. आज १९९८ साल आहे. अजूनही आठवड्यातून दोनदा त्या नवऱ्याला व्यायामासाठी उल्हासनगरला नेतात. गियर टाकताना करकर होते, तेव्हा विष्णुपंत हसतात आणि त्याही हसतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची निगा राखा. आमचा गंज पुसा, आमचे नट आवळून ठेवा. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात काही जपून, लपवून ठेवले असेल, तर ते घरातल्या माणसाचा हात धरून त्याला दाखवा. बोलता येते आहे तोवर दाखवा.