शेपटाचं वजन

कपड्यांच्या मशीननं तीनदा पिंग केलं आणि घरातली शांतता मोडली. तिनं श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. पोरीनं कूस बदलली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. साडेचार वर्षांची मुलगी, जागेपणी एका जागी ठरेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणत. दोन दिवस तापानं फणफणली होती, ताप सकाळी कुठे उतरला होता. आईच्या डोळ्याला दोन रात्री डोळा लागला नव्हता. आता दुपारचा सव्वा वाजला होता, आणि ही झोप टिकेल तेवढंच तिचं आजचं ऑफिस.

कपडे राहू देत मशीनमध्येच, असं मनाशी म्हणत ती पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि मांडीवरचा लॅपटॉप तिनं उघडला.

संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती होती. लोकांना त्यातले रंगीत आलेख दिसत; तिचं काम त्याच्या खाली, तळघरात. अमुक गोष्ट घडायची शक्यता किती, असं कुणी विचारलं की आत गॅमा, बीटा अशा नावांची गणितं चालू होत, आणि ती तिनं लिहिलेली असत. "म्हणजे नळ कुणीही उघडो, आतले पाइप आमचे," असं तिनं एकदा सासूबाईंना समजावलं होतं. "म्हणजे प्लंबर," म्हणून सासूबाईंनी विषय संपवला होता.

उशीखाली ठेवलेला फोन थरथरला. तो घेऊन ती स्वयंपाकघरात पळाली. पलीकडे नवजात बाळांसाठी श्वासयंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातला इंजिनिअर होता. वर्षातून दोनदा त्याचा फोन यायचा, तो तक्रारीचाच.

"ताई, घाबरू नका. आज आभार मानायला केलाय फोन."

"माझे? चुकून लागला असेल."

"ऐका तर. यंत्राला दुसरी झडप हवी की नको, यावरून आमच्यात आठ महिने जुंपली होती. हवेचा दाब वाढला तर पहिली झडप उघडते. पहिलीला झेपणार नाही इतका वाढला, तरच दुसरीचं काम. तिच्यामुळे यंत्र जड होतं, नर्सबाई कावतात. तर असा दाब एका श्वासाला वाढायची शक्यता किती, ते तुमच्या नव्या आवृत्तीला विचारलं. भांडणच मिटलं."

"काय आलं उत्तर?"

"शून्य."

"शून्याच्या पुढे?"

"पुढे काय असणार? शून्य म्हणजे शून्य. तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही की काय?" तो हसला.

तिला हसू आलं नाही. शक्यता लहान असते, हास्यास्पद लहान असते. पण असं धुऊन पुसून स्वच्छ शून्य आलं की तिच्या धंद्यातल्या माणसानं समजावं, वाटेत काहीतरी सांडलंय.

"तुमचे आकडे मला पाठवता? आत्ताच."

"पाठवतो की. पण चार वाजता नव्या आराखड्यावर सही आहे. एका झडपेच्या. त्याच्या आत बघा काय ते."

आकडे आले. तिनं ते घातले. शून्य. तिनं दाब थोडा कमी करून पाहिला. एक बारीकसा आकडा आला. थोडा वाढवला, पुन्हा शून्य. आकडा हळूहळू लहान होत जायला हवा होता, तसा तो जात नव्हता. जिन्याची शेवटची पायरी कुणी काढून न्यावी, तसा तो एकदम खाली पडत होता. ती पायरी कुणी काढली हे तिला माहीत होतं.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. सॉफ्टवेअर हळू चालतं अशी ओरड होती. तिनं युक्ती केली. आत सोळा अंकी आकडे चालत, ते तिनं सात अंकी केले. काम चौपट वेगानं व्हायला लागलं, आणि मास्तरांनी सगळ्यांदेखत तिला शाबासकी दिली. मास्तर म्हणजे तिचे साहेब. त्यांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं, पण समोरचा नापास झालाय अशाच चेहऱ्यानं ते बोलत, म्हणून ते नाव. त्यांचा एक नियम होता. ऑफिसात जाड पुठ्ठ्याचं एक जुनं कोष्टकांचं पुस्तक होतं. त्यातल्या छापील आकड्यांशी हातानं, ओळीओळीनं ताडून पाहिल्याशिवाय काहीही बाहेर जायचं नाही.

तिनं ताडून पाहिलं होतं. पुस्तक घरी आणून, भिंगरीला एका मांडीवर घेऊन, दुसऱ्या मांडीवर पुस्तक ठेवून. पोरगी पेन्सिल मागत होती. शेवटच्या तीन पानांवर नुसती शून्यं होती, कारण पुस्तकात दशांशाची सहाच घरं छापलेली आणि तिथे आकडे सहा घरांच्याही खाली गेलेले. पुस्तकात शून्य, पडद्यावर शून्य. तिन्ही पानांना मिळून तिनं एकच बरोबरची खूण केली आणि पेन्सिल पोरीला दिली.

हत्तीच्या शेपटाचं वजन हवं असेल, तर शेपटासकट हत्ती तोलायचा, मग शेपटाशिवायचा तोलायचा आणि वजाबाकी करायची; तसलाच हा प्रकार होता. दाब हद्दीत राहायची शक्यता काढायची, ती एकातून वजा करायची, उरलं ते उत्तर. तराजू बारीक असेपर्यंत निभतं. तिनं तराजूच भरड केला होता. पॉइंट नव्व्याण्णव नव्व्याण्णव करत जाणारा आकडा सात अंकांत मावेना, म्हणून यंत्रानं त्याचा सरळ एक केला. एकातून एक गेला. हत्ती तोलला गेला आणि शेपूट कुणाच्या हिशेबातच राहिलं नाही.

"काय गं, पांढरी का पडलीस?" सासूबाई गुडघा धरत दारात आल्या. "काही हरवलं का?"

"शून्य चुकलंय, आई."

"शून्य? त्यात चुकायला असतं काय?" मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यांनी पुढची थट्टा गिळली. "पोर उठली तर मी बघते. जा तू."

तिनं मास्तरांना फोन लावला. सगळं सांगितलं, स्वतःची ती एकच खूणसुद्धा.

"पुस्तकाशी जुळतं ना?" मास्तरांनी विचारलं.

"जुळतं, सर."

"मग?"

"पुस्तक बरोबरच आहे. सहा घरांच्या पुढचं मी त्याला विचारायलाच नको होतं."

"सगळ्या ग्राहकांना कळवावं लागेल. खाली तुझं नाव येईल."

"येऊ दे."

"आधी दुरुस्त कर, मग कळवू. सोमवारी."

"तिकडे चार वाजता सही आहे, सर. बाळांची यंत्रं आहेत."

"मग मला विचारतेस कशाला? कर फोन." आणि पाठोपाठ, "मी सांगितलं म्हणून केला, असं सांग. शाबासकी देताना मी पुढे होतो ना."

पण इंजिनिअरला नुसतं 'शून्य खोटं आहे' म्हणून भागणार नव्हतं. खरं काय, ते हातात हवं. शेपूट वजाबाकीशिवाय, थेट मोजायला हवं होतं. त्याची वाट जुनीच होती: एक अपूर्णांक, त्याच्या छेदात दुसरा, त्याच्या छेदात तिसरा, असं पोटात पोट, पोटात पोट. पंधरावीस पायऱ्या उतरलं की उत्तर हलायचं थांबतं. हे तिनं कॉलेजात झोपेतही केलं असतं. आज प्रत्येक पायरीला डोळे मिटत होते. एकदा चिन्ह चुकलं. एकदा भिंगरी झोपेत "आई" म्हणाली, हात आपसूक तिच्या पाठीवर गेला, आणि परत आला तेव्हा आपण कितव्या पायरीवर होतो ते आठवेना. तिनं पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. उत्तर आलं. मग सोळा अंकी आकडे घेऊन वेगळ्या रीतीनं काढलं. तेच आलं.

दहा कोटी श्वासांत दोन.

साडेतीनला तिनं इंजिनिअरला गाठलं.

"दहा कोटींत दोन?" तो म्हणाला. "ताई, एवढ्याशासाठी धावपळ? शून्यच झालं की ते."

"तुमचं बाळ मिनिटाला किती श्वास घेतं?"

"चाळीस धरतो आम्ही."

"म्हणजे यंत्र वर्षाला दोन कोटींच्या वर श्वास देतं. अडीच वर्षांत एकदा, एका यंत्राला. किती यंत्रं करणार आहात?"

तो हसायचा थांबला. "पहिल्या खेपेला तीनशे."

"मग दर तीन दिवसांनी. कुठेतरी एकाला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "सही मी थांबवतो," तो म्हणाला. आवाज एकदम खाली गेला होता. "पण दोन यंत्रं आधीच गेलीत. चाचणीसाठी. तुमच्या शून्यावरच परवानगी मिळाली होती. आठ दिवस झाले, एका दवाखान्यात चालू आहेत. एका झडपेची."

"त्यांत बाळं आहेत?"

"चाचणी म्हणजे तीच की, ताई. मी निघतो. दहा मिनिटांवर आहे. तिथून फोन करतो."

फोन बंद झाला. दोन यंत्रं, आठ दिवस, नऊ लाखांवर श्वास. हिशेब तिनं न ठरवताच झाला. तसा दाब एकदा तरी वाढला असण्याची शक्यता शंभरात दोन, त्याहूनही जरा कमी. दुसऱ्या कुणी हा आकडा आणला असता, तर ती म्हणाली असती, जा, निवांत झोप. तिनं खिडकी उघडली, बंद केली. समोरच्या इमारतीत कुणीतरी चटया झटकत होतं. ती तेच बघत उभी राहिली. दोन रात्री भिंगरीची छाती कशी वरखाली होत होती ते ती मोजत बसली होती. आता ते दुसरं कुणाचं तरी बाळ डोळ्यांपुढून हलेना.

चार वाजले. सव्वाचार. भिंगरी उठली, पाणी प्यायली आणि घामेजल्या केसांनिशी आईच्या मांडीत येऊन बसली. सासूबाई कणीक मळावी तसा जोर देत उगाच टेबल पुसत राहिल्या.

फोन वाजला. तिच्या मांडीवर भिंगरी होती, म्हणून सासूबाईंनीच स्पीकर लावला.

"केली बंद. दोन्ही," इंजिनिअर धापा टाकत होता. "बाळांना जुन्या यंत्रांवर हलवलं. दोघंही मजेत आहेत. काही म्हणजे काही झालं नव्हतं. एक बाळ तर आठवड्याभरात घरी जायचंय, सगळ्यांना लाथा मारतंय." मग म्हणाला, "ताई, तुम्ही फोन केलात, बरं झालं. मी शून्यावरच गेलो असतो."

"शून्य माझंच होतं," ती म्हणाली. तिनं त्याला सगळं सांगितलं, पुस्तकातली तीन पानंही. तो "लेखी पाठवा," एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

ती भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसली, भिंगरीसकट.

"झालं ना सगळं नीट?" सासूबाई म्हणाल्या. "मग रडतेस कशाला, वेडाबाई?" आणि पदरानं स्वतःचेच डोळे पुसत त्या आत गेल्या.

भिंगरीनं आईच्या गालावरून बोट फिरवलं. "कुठलं बाळ, आई?"

"एक होतं. लांबचं. त्याच्या मशीनमध्ये चूक राहिली होती."

"कुणाची?"

"माझी. आता सापडली."

"बाळाला लागलं?"

"नाही. छान आहे ते. लवकरच घरी जाणार."

भिंगरी गप्प बसून विचार करत राहिली. एवढा वेळ एका जागी ती क्वचितच बसायची. मग आईची हनुवटी दोन्ही हातांनी धरून तिनं तोंड आपल्याकडे वळवलं.

"त्याच्या आईला सांगितलं का?"