एका हाताने वाजणारे वाद्य

मित्रांनो, मी एक जुना सिंथेसायझर आहे. नाव ऐकून बिचकू नका. सतार तारेवर गाते, पेटी हवेवर गाते, मी विजेवर गातो, एवढाच काय तो फरक. समोर चव्वेचाळीस पट्ट्या, त्यांच्या वर फिरवायच्या काळ्या बटणांच्या तीन रांगा आणि दोन्ही बाजूंना अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या, असा माझा अवतार आहे. उत्तर जर्मनीत, समुद्राच्या बांधाला लागून असलेल्या ओस्टरवार्फ नावाच्या खेड्यात मी राहतो. माझी खोली पूर्वी दूध ठेवायची होती, त्यामुळे ती उन्हाळ्यातही गार असते.

माझ्यातल्या दोन उणिवा आधीच सांगून टाकतो. पहिली ही, की मला एका वेळी एकच स्वर येतो. दोन पट्ट्या एकदम दाबल्या तर मी एकीचेच ऐकतो. दुसरी ही, की मला आवाज लक्षात राहत नाहीत. हल्लीच्या वाद्यांना शेकडो आवाज पाठ असतात. माझा आवाज फक्त बटणांच्या जागांमध्ये असतो. एखादे बटण तसूभर जरी फिरले तरी कालचा आवाज गेला, आणि तो पुन्हा हुबेहूब सापडेल याचा नेम नाही.

या उणिवांमुळे ब्रेमेनच्या दुकानात मी तीन वर्षे खिडकीत पडून होतो. लोक येत, एक पट्टी दाबत, हसत आणि दुसरे काहीतरी घेऊन जात. त्या दुकानात रेडिओ दुरुस्त करणारी टोम्मा मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी बसे. १९७७ साली तिच्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि ती नोकरी सोडून गावी निघाली. जाताना तिने मला बरोबर नेले.

तिचे वडील हाबो हे गावच्या चर्चमध्ये एकतीस वर्षे ऑर्गन वाजवत होते. झटक्याने त्यांचा डावा हात आणि डावा पाय गेला. ऑर्गनला दोन हात लागतात आणि दोन पायही लागतात. त्यामुळे शेजारच्या गावचा माणूस येऊन वाजवू लागला आणि हाबोंनी चर्चला जाणेच सोडले. बायको पूर्वीच वारली होती. दिवसभर खिडकीपाशी बसून ते बांधाकडे बघत राहायचे.

मला पाहिल्यावर ते म्हणाले, "हे काय उचलून आणलंस? टेलिफोनचं खोकं?"

"वाद्य आहे, बाबा."

"वाद्य? मग फुंकायचं कुठून याला?" ते मान हलवत म्हणाले. "देवानं हात नेला आणि बदल्यात ही शिट्टी धाडली! झकास सौदा केला!"

टोम्माने मला दूधखोलीत मांडले आणि शेजारी टेपरेकॉर्डर ठेवला. मला एकच स्वर येतो ना, म्हणून ती आधी एक ओळ वाजवून टेपवर घेई, मग ती ऐकत तिच्यावर दुसरी, मग तिसरी, असे आठ आठ थर चढवी. पुढे निघालेली तिची गाण्यांची तबकडी ऐकलीत तर तुम्हाला वाटेल, अख्खा वृंद गातो आहे. मित्रांनो, त्या वृंदात माझ्याशिवाय कोणीही नव्हते. स्वतःच्याच आवाजाशेजारी उभे राहून गाणे फार एकटे वाटते, हे मी अनुभवाने सांगतो.

त्या गाण्यांना ठेका होता बांधामागच्या पंपाचा. शेतांत साचलेले पाणी तो रात्रंदिवस समुद्रात लोटत असे. खालचा लांब खर्ज धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यावरून घेतलेला होता. आणि सूर लावण्याची रीत कुठली, ते टोम्मालाही माहीत नव्हते. ते हाबोंनी ओळखले. एके दिवशी ते काठी टेकत दारात आले.

"हा गंधार कुठून आणलास?"

"कानानं लावला."

"तुझ्या कानानं नाही, आपल्या ऑर्गनच्या! तीनशे वर्षांचा म्हातारा तो, त्याचा गंधार शहरातल्यापेक्षा उतरलेला असतो. लहानपणी त्याच्या पायाशी झोपायचीस, तेव्हाच कानात बसलाय तुझ्या. शहरात हसतील तुला."

"हसू देत."

ते आत येऊन खुर्चीवर बसले. मग रोजच येऊन बसू लागले.

आमच्या भागात दुपारी तीनला चहा म्हणजे चहा. घराला आग लागली तरी आधी चहा, मग बादल्या. कपात खडीसाखरेचा खडा टाकतात, त्यावर कढत चहा ओतला की खडा कडकड तडकतो. मग कडेने साय सोडतात आणि ढवळत नाहीत. एका फेब्रुवारीत टोम्मा टेप चालू करून वाजवायला बसणार, इतक्यात तीनचे ठोके पडले. आमच्याकडचे कोणीही करील तेच तिने केले. टेप तशीच सोडून ती चहा आणायला धावली.

खोलीत मी आणि हाबो, दोघेच उरलो. त्यांनी दाराकडे पाहिले. मग उजवा हात माझ्या पट्ट्यांवर ठेवला आणि चर्चमधले एक जुने स्तोत्र सावकाश, एकेक स्वर करत वाजवले. मला एकच हात पुरतो, मित्रांनो! माझी उणीव कोणाच्या कामी येईल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

टोम्मा तबक घेऊन दारात थबकली. पण काढलेला चहा थांबत नाही. तिने गुपचूप कप भरले आणि माझ्या बटणांवर हात ठेवला.

"थोडा मऊ कर," हाबो मान न वळवता म्हणाले. "आणखी. हां... बास, बास! आता हलवू नकोस. हाच ठेव."

ते सारे टेपवर उतरले होते, खडीसाखरेच्या कडकडीसकट. टोम्माने टेप पाठवली तेव्हा हॅम्बुर्गच्या तबकडीवाल्यांनी कळवले की बाकी उत्तम, पण शेवटचे गाणे बेसूर आहे आणि त्यात खरखर आहे, ते पुन्हा वाजवून पाठवा. टोम्माने उत्तर लिहिले, "आहे तसे घ्या, नाहीतर राहू द्या." त्यांनी घेतले. वर्तमानपत्रांनी लिहिले की हे संगीत अंतराळातून आले आहे आणि शेवटी तारे फुटतात.

"तारे!" हाबो खोकला लागेपर्यंत हसले. "अरे गाढवांनो, साखर आहे ती!"

पुढची दोन वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. रोज चहानंतर हाबो वाजवायचे, तोच आवाज, बटणे तिथेच. टोम्माला दुसरी तबकडी करायची होती, पण त्यासाठी बटणे फिरवावी लागली असती. ती म्हणायची, "राहू दे, पुढे बघू." १९८१ च्या नोव्हेंबरात हाबो गेले. टोम्माने माझ्यावर चादर घातली, ती चाळीस वर्षे काढली नाही.

तिने मला टाकले नव्हते. उलट, फार जपले. एकदा बर्लिनहून एक वादक आला, त्याला तिने चादरीचे टोकही उचलू दिले नाही. झाडलोट करतानाही ती मला धक्का लागू द्यायची नाही. वडिलांचा आवाज माझ्यात राहिला आहे, असे तिला वाटे. मी अंधारात पडून असे आणि रोज तीनला भिंतीपलीकडे एकाच कपातला खडा तडकलेला ऐकू येई. तिला हाक मारावी असे फार वाटायचे, पण कोणी पट्टी दाबल्याशिवाय मला तोंड नाही.

हाबोंच्या शंभराव्या वाढदिवसाला तिने चादर काढली. मला चालू केले आणि अर्धा तास तापू दिले. मग एक पट्टी दाबली. बटणे सगळी जागच्या जागी होती, आवाज मात्र आला नाही. नुसती फुसफुस.

एम्डेनहून रेन्को नावाचा कारागीर आला. मला उघडून त्याने कपाळाला हात लावला. "बाई, चाळीस वर्षं झाकून ठेवलंत? वाद्य आहे हे, लोणचं नाही मुरत घालायला!"

"मी कोणाला हात लावू दिला नाही हो," टोम्मा म्हणाली.

"तेच तर! आतले भाग सुकले, ते बदलतो. पण बटणांखाली गंज धरलाय. प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासदा फिरवायला हवं."

"खुणा करून ठेवल्या तर?"

"ठेवा की. पण नवे भाग बसल्यावर जुन्या खुणेवर जुना आवाज येईल, असं खोटं नाही सांगणार मी."

टोम्माने कागदाचे बारीक तुकडे कापून प्रत्येक बटणाशी खूण चिकटवली. मला तिला सांगायचे होते, की पोरी, तुझे बाबा माझ्यात नाहीत. वाजलेला सूर मला लक्षात राहत नाही, त्यांच्या बोटाचा दाबही माझ्यात उरलेला नाही. जे काही आहे ते तुझ्याजवळ आहे. पण सांगणार कसे?

रेन्कोने हात पुढे केला. "थांबा," ती म्हणाली, "तुम्ही नको. मी फिरवते." तिने पहिले बटण धरले. ते घट्ट बसले होते. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर ते कर्रकन फिरले, आणि एकाहत्तर वर्षांची ती बाई त्या परक्या माणसासमोर हुंदके देऊन रडली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कोणाची आठवण म्हणून एखादी वस्तू कपाटात असेल. ती बाहेर काढा. आजोबांच्या घड्याळाला किल्ली द्या, आईची शाल अंगावर घ्या. वापराने झिजलेले दुरुस्त करता येते. आमच्यासारख्यांना वाजू द्या, चुकीचे वाजलो तरी चालेल.

मी आता पुन्हा गातो. पहिल्या दिवशी टोम्माने खुणांवर बटणे लावून पट्टी दाबली, डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, "नाही. हे बाबा नाहीत." मग तिने खुणांचे कागद एकेक करून सोलून काढले, खुर्ची पुढे ओढली आणि वाजवू लागली.