डावऱ्याचा हातोडा

डाव्या हाताला प्लास्टर घालून सुतार कारखान्यात आला. ज्यानं विचारलं त्याला तो एकच सांगत सुटला, "हातोडा बसला."

डॉक्टरांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. त्यांनी मान वर न करता 'कामावर दुखापत' असं लिहून दिलं. तिथं मिटायला हवं होतं. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो टेबलापाशी बसला, उठला, पाणी प्यायला, पुन्हा बसला. संध्याकाळ झाली की घरी जायचं होतं, आणि तेच त्याला नको होतं.

दुपारी पॉलिश करणारे काका चहा घेऊन शेजारी टेकले.

"डावऱ्या, हातोडा तू कुठल्या हातानं चालवतोस?"

"डाव्या."

"आणि लागला कुठं?"

सुतारानं प्लास्टरचा हात टेबलाखाली घेतला. ज्या हातावरून त्याला हे नाव पडलं, खोटं बोलताना तो नेमका तोच हात विसरला होता.

"दारात सापडला," तो पुटपुटला.

"वाऱ्यानं दार लागलं?"

"बायकोनं. बोटं चौकटीत होती. बघून लोटलं तिनं."

करवतीवरचा एकजण फिदीफिदी हसला. "वहिनींनी? अरे, रेड्यासारखा गडी तू!"

"दारही त्यानंच बनवलेलं असणार," दुसरा म्हणाला. "माल चांगला, तक्रार कशाची?"

दार खरंच त्यानंच बनवलं होतं, चांगलं जड. सुतारही हसला, कारण न हसणं त्याहून अवघड होतं. मागं एकदा तिनं पाठीवर उकळतं पाणी ओतलं, तेव्हा त्यानं भांडं निसटलं म्हणून सांगितलं होतं. ताईला तेवढं खरं सांगितलं, तर ती म्हणाली, "पुरुषासारखा पुरुष तू, आणि बायकोची गाऱ्हाणी सांगतोस?" राग ओसरला की बायकोच मलम लावायची. लावता लावता म्हणायची, "माझ्या अंगाला हात लावून बघ. मी आधी ओरडेन. लोक कुणाचं ऐकतील?"

काका मात्र हसले नव्हते. "आज डावा गेला," ते म्हणाले. "उजवा गेल्यावर काय करशील?"

काम सुटल्यावर तो पोलीस चौकीत गेला. काका बाहेर थांबले.

"कुणाविरुद्ध तक्रार?" हवालदारानं विचारलं.

"बायकोविरुद्ध."

हवालदारानं आतल्या खोलीकडे बघून हाक दिली, "साहेब, गंमत ऐकायला या." मग सुतारानं पुढं केलेला डॉक्टरांचा कागद बघून म्हणाला, "नवऱ्यानं मारलं तर वेगळं कलम आहे. बायकोनं मारलं तर फार तर साधी मारामारी. आणि तुमचा डॉक्टर तर म्हणतो, कामावर लागलं."

"मी त्यांना खोटं सांगितलं."

"मग आता खरं बोलताय कशावरून? साक्षीदार आहे कुणी?"

"नवरा-बायकोच्या भांडणात साक्षीदार कोण ठेवतं, साहेब?"

"तेच म्हणतोय मी. घरी जा. चार गोड शब्द बोला."

सुतार उठला. दारापर्यंत गेला. चौकीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्याच्या कडेला हात लावायचा होता आणि हात पुढं होईना. तो तसाच उभा राहिला. मग मागं फिरला आणि बाकावर बसला.

"लिहून घेईपर्यंत मी उठत नाही."

"मला कामं आहेत."

"करा तुम्ही. मी बसतो."

हवालदारानं दोनदा डोळे वटारून पाहिलं. एवढ्यात काका दारातून आत डोकावले. "भांडण मी पाहिलं नाही, साहेब. पण हा डावरा आहे. हातोड्यानं स्वतःचा डावा हात तो फोडू शकत नाही. एवढ्यापुरतं माझं नाव घाला."

आतले साहेब तोवर बाहेर आले होते. गंमत ऐकायला आलेला माणूस प्लास्टरकडे बघत राहिला. "घे लिहून," ते म्हणाले. "पुढं काय होईल, सांगता येत नाही."

सुतारानं उजव्या हातानं सही केली, लहान मुलानं गिरवल्यासारखी. बाहेर पडल्यावर त्याचे पाय सवयीनं घराकडे वळले आणि थांबले.

"आमच्याकडे चल," काका म्हणाले. "दार पत्र्याचं आहे. आणि ते नीट लागतही नाही."