बुडाला भोक असलेली झारी

मित्रांनो, बसा असे सावलीला. काट्यांना पाठ तेवढी लावू नका! एक गंमत सांगते.

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. आणि नोकरी लागली कुठं, तर निवडुंगांच्या बागेत! चहूकडं समुद्र, मधे हे बेट, आणि बेटावर देशोदेशीचे काटेरी पाहुणे. पाणी मागणारं एकही नाही.

पण माळीणबाईंना ते पटेल तर ना! टेकडीवर एक गोल, लठ्ठ निवडुंग होता, गोट्या. बी पेरल्यापासून त्यांनीच वाढवलेला. त्याला एकदा तरी फूल यावं, एवढीच त्यांची आस. रोज विहिरीवर मला भरायच्या आणि "आले रे बाबा, घसा सुकला असेल" म्हणत टेकडी चढायच्या. माझ्या बुडाला भोक. वर पोचेस्तोवर चूळभर पाणी उरायचं. गोट्या मजेत, बाईही मजेत.

एकदा बाईंचा भाऊ मुक्कामाला आला. त्याचा धंदा होड्या दुरुस्त करायचा. भोक दिसलं की हात शिवशिवलेच! मला उलटी केली आणि दिला डाख लावून.

"ताई, आता थेंब गळला तर नाव बदलीन!"

मीही फुगले हो! पहिल्यांदाच पोटभर पाणी वर नेलं. रोज नेलं.

आणि गोट्या बुडाशी पिवळा पडला. बोट लावलं तर मऊ. बाई रडकुंडीला आल्या आणि आणखी पाणी आणायला निघाल्या. बाईंच्या नवऱ्यानं, माळीबुवांनी, मला उलटं करून पाहिलं, कपाळावर हात मारला.

"भोक कुणी बुजवलं?"

"मी! नवीकोरी केली की नाही, दाजी?"

"अरे शहाण्या, ते मीच खिळ्यानं पाडलं होतं!"

बाईंचे हात कमरेवर गेले. "म्हणजे इतकी वर्षं मी भोकाची झारी वाहत होते?"

"कमी घाल म्हटलं असतं, तर ऐकलं असतंस?"

बाईंनी हात पुढं केला. मग म्हणाल्या, "आणा तो खिळा इकडं." स्वतःच हाणला. भाऊ तोंड फिरवून उभा, त्याला बघवेना.

गोट्याचं कुजकं कापलं, कोरडी माती भरली. जरा वाकडा झाला, पण जगला. यंदा डोक्यावर पिवळं फूल! एकच, पण बाई येईल त्याला हाताला धरून नेतात.

जीव लावा, मित्रांनो, पण आधी समोरच्याला तहान लागलीय का तेवढं बघा. आणि हो, भाऊ आज परत येतोय. झारी कुठंय विचारलं, तर सांगू नका हं!