चौदा हायड्रोजन

चाळिशीनंतर शिकायला बसू नये, आणि बसलंच तर पोटच्या पोरीकडे मुळीच नाही. पाणी तपासायच्या लॅबमध्ये मी इतकी वर्षं काचेच्या नळ्या धुतेय. टेक्निशियनची जागा रिकामी झाली तसे साहेब म्हणाले, बारावीची राहिलेली केमिस्ट्री सोडवा, जागा तुमची. सोडवा म्हणे! दोनदा आपटले. यंदाही आपटले तर जागा बाहेरच्या माणसाला.

माझं घोडं अडायचं समीकरणांपाशी. कुणाचा ऑक्सिडेशन नंबर वाढला, कुणाचा घटला ते बघायचं आणि वाढ-घट सारखी करायची. लेक कॉलेजातून दमून यायची आणि जेवणाच्या टेबलावर माझ्यावर खेकसायची. डायक्रोमेटमधला क्रोमियम सहावरून तीनवर येतो, म्हणून मी तीनच धरायची. अगं, क्रोमियम दोन आहेत, घट सहाची झाली, हे तिने किती वेळा सांगितलं असेल. एकदा मी कुठल्या कुठे जाऊन बावीस हायड्रोजन लिहिले, तर तिने कपाळाला हात लावला.

"आई, एवढा मोठा आकडा आला की समजायचं, माती खाल्ली."

असा संताप आला! पण गरज माझी, बोलणार काय?

पेपरात नेमकं तेच आलं, डायक्रोमेट आणि लोखंड. बाकीचा पेपर यथातथाच होता, पास-नापास या एका गणितावर. मी क्रोमियमचे सहा धरले. लोखंडाचा नंबर एकानेच वाढतो, म्हणून लोखंडं सहा घेतली. सात ऑक्सिजनचं सात रेणू पाणी केलं. त्याला हायड्रोजन लागले चौदा.

चौदा बघितले आणि मला लेकीचं 'माती खाल्ली' आठवलं. पुन्हा मोजलं, पुन्हा चौदाच. शेवटी सगळं खोडलं आणि लहान-लहान आकडे बसवून पेपर देऊन टाकला.

लेक फाटकाशी उभी होती. प्रश्नपत्रिका घेऊन तिने भिंतीवर टेकवूनच ते गणित सोडवलं.

"हायड्रोजन चौदा आले ना तुझे?"

"आले होते. खोडले."

"बरोबर होतं गं. खोडलंस कशाला?"

"तू चिडशील म्हणून."

तिने माझ्या हातातली पिशवी घेतली. बसस्टॉपपर्यंत तीच घेऊन चालली. तिच्या त्या वाक्यापायी मार्क गेले म्हणून तिच्यावर ओरडणार होते, तेही राहून गेलं.