अज्जीचं इष्टलिंग

वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. म्हणून संग्रहालयाच्या 'घरातला वारसा' स्पर्धेत अख्ख्या दहावीतून मी एकटी उतरले. अन् जिंकले पण!

वस्तू अज्जीची होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जाताना तिनं गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट माझ्या गळ्यात घातलं. "खाली ठिवू नगंस सुष्मिता. सात वर्षांची हुते तवापास्नं अंगावर हाय." डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय ती घास घेत नाही. मेल्यावर ते तिच्यासोबतच पुरायचं असतं.

मला वाटलं, दोन दिवसांचं प्रदर्शन, मग परत. अर्जात विचारलं होतं, मूळ मालक हयात की मयत? हयात असेल तर त्यांची सही हवी. मी 'मयत'वर टिक केली. तो अर्ज कायमच्या दानाचा होता, हे वाचलंच नाही.

अज्जी डोळ्याला पट्टी बांधून घरी आली आणि लिंग कुठं आहे हे कळल्यावर दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिली. तिसऱ्या दिवशी ते परत मागायला आम्ही कळंब्याहून बस धरली.

काचेच्या पेटीत डबी उघडी होती. लिंगावरचा काळा लेप स्पिरिटनं पुसलेला, खाली पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला. शेजारी चिठ्ठी: 'कै. शिवम्मा यांचे.'

अज्जीनं एका डोळ्यानं सावकाश वाचलं. मग डावा तळहात काचेला लावून उभी राहिली.

सहलीला आलेली पोरं फिदीफिदी हसली. "म्हातारी चिकटली रं काचंला!"

"ओ मावशी, हात काढा!" पहारेकरी ओरडला. तेवढ्यात अधीक्षक आले. "अरे, आमची विजेती! आणि या कोण?"

अज्जी माझ्याकडं वळली. "सांग की पोरी. जित्ती हाय मी."

ही माझी अज्जी, मी खोटं लिहिलं. एवढंच म्हणायचं होतं. पण शनिवारी सगळ्या शाळेसमोर पदक मिळणार होतं.

"शेजारच्या आहेत सर. डोक्यावर थोडा परिणाम झालाय."

अज्जीनं काचेवरचा हात काढला. "व्हय सायेब. हिची अज्जी मेलीया."

घरी आईनं ताट वाढलं. अज्जीनं ते माझ्यापुढं सरकवलं. "खा. जिंकलीस न्हवं?"

भूक लागली होती. मी खाल्लं.